कागदावरच्या पुलाची मुदत

ठाणे खाडीवर किती ठिकाणी पूल आहेत हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. कळव्यापासून खाली निघालं तर आधी कळवा, मग ऐरोली, मग वाशी, आणि पार खाली, खाडी समुद्राला मिळते तिथे, शिवडी-न्हावाशेवाचा अटल सेतू. चार ठिकाणं. कळव्याला आणि वाशीला रस्त्याच्या पुलांशेजारी रेल्वेचेही आहेत, ते धरले तरी हिशेब चुकत नाही.

कागदावरचे पूल मोजायला बसलं की मात्र हिशेब चुकतो. कोपरी ते पटणी आहे. कोपरखैरणे ते विक्रोळी आहे, आणि त्याचंच दुसरं टोक कधीकधी घाटकोपरला निघतं. घणसोलीहून ऐरोलीला जाणारा पाम बीचचा पुढचा तुकडा आहे. तो खाडी ओलांडत नाही, पण तिच्या फाट्यांवरून आणि तिवरांतून जातो, म्हणून तोही पूलच. घोडबंदरच्या बाजूला गेलात तर कोलशेत-काल्हेर, कासारवडवली-खारबाव, गायमुख-पायेगाव. ऐरोली-कळवा रेल्वेचा उन्नत मार्ग तर बाहेरच्या माणसाला ऐकूनही माहीत नसतो. यातल्या काहींच्या निविदा निघतात, काहींचे अहवाल होतात, काहींचं नाव फक्त निवडणुकीच्या वर्षी ऐकू येतं. ठाण्यात चाळीस वर्षं काढल्यावर माझी अशी समजूत झाली आहे की पुलाची घोषणा हा एक स्वतंत्र बांधकाम प्रकार आहे. त्याला सिमेंट लागत नाही, एवढंच.

हे विनोदाने सोडून देता आलं असतं. पण न बांधलेला पूल गप्प बसत नाही. तो घरं विकतो, दुसरे उपाय अडवून धरतो, आणि आपली जुनी गरज संपली तरी जुन्याच नावाने पुढे सरकत राहतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की कागदावरच्या पुलाला मुदत असायला हवी. ठरलेल्या वर्षांत काम निघालं नाही, तर प्रस्ताव रद्द झाला असं शासनाने छापून सांगावं.

घरं विकतो म्हणजे काय, ते आमच्या घरातलंच सांगतो. माझ्या मामेभावाने घणसोलीला फ्लॅट घेतला तेव्हा विक्रेत्याने त्याच्यापुढे एक गुळगुळीत नकाशा पसरला होता. त्यात पाम बीच रस्ता जाड निळ्या रेघेने थेट ऐरोलीपर्यंत गेलेला, आणि रेघेखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रस्तावित'. भावाने मला फोन केला. ठाण्याचा जुना माणूस म्हणून माझ्या शब्दाला वजन. मी म्हणालो, "होईल रे, दोन-तीन वर्षांत." या वाक्यावरून वहिनी मला अजून ऐकवते. तेव्हा पहिलीत असलेली त्यांची मुलगी आता कॉलेजात जाते. रस्ता घणसोलीत येऊन संपतो आणि पुढे तिवरं सुरू होतात. आता कुठे त्या कामाची हालचाल दिसायला लागली आहे. भावाला ऐरोलीला जायचं तर अजूनही ठाणे-बेलापूर रस्ता धरावा लागतो.

पण त्या निळ्या रेघेचे पैसे त्याने पहिल्याच दिवशी मोजले होते. चौरस फुटाच्या दरात ती धरलेली होती, आणि त्या दरावर काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात. इथे भट तुरीचं कर्जही फेडतो. रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. पण 'प्रस्तावित' हा शब्द खोटा नसतो ना! शासनानेच प्रस्ताव केलेला असतो. बिल्डर फक्त तो मोठ्या टायपात छापतो.

दुसरे उपाय अडवण्याचं काम यापेक्षा कमी दिसतं. एकदा मी विटाव्याच्या प्रश्नावर एका बैठकीला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कळवा नाक्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागताना विटाव्याला रेल्वेच्या पुलाखालून जावं लागतं. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं आणि ठाण्याहून दिघा-ऐरोली-रबाळ्याला कामाला जाणारी सगळी रांग कळव्यापर्यंत मागे येते. बैठकीत एका बाईंनी विचारलं की निदान सकाळच्या दोन तासांत बस वाढवता येतील का, आणि पाणी उपसायचे पंप पहिल्या पावसाआधी तपासले जातील का. समोरच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "तो प्रश्न कायमचा सुटणार आहे. कोपरीहून पूल होतोय." बाई खाली बसल्या. पंपांविषयी पुढे कोणी काही बोललं नाही.

अशा वेळी पुलाचा आकार बघा केवढा असतो. बसच्या चार जादा फेऱ्या त्याच्यापुढे क्षुल्लक, पंप हास्यास्पद, पादचाऱ्यांचा जिना तर विचारूच नये.

आता अटल सेतू. दोन्ही बाजूंचे लोक त्याचाच दाखला देतात, म्हणून जरा थांबून पाहू. १९६३ च्या विल्बर स्मिथ यांच्या वाहतूक अहवालात बंदर ओलांडून पलीकडची जमीन मुंबईला जोडायची कल्पना होती. प्रत्यक्षात उद्घाटन झालं १२ जानेवारी २०२४ ला. मधल्या एकसष्ट वर्षांत काय काय झालं याची नुसती जंत्री दिली तरी जागा संपेल, पण २००८ ची निविदा विसरण्यासारखी नाही. दोन अंबानी भावांच्या दोन कंपन्या उतरल्या होत्या. एकीने ९ वर्षं ११ महिने टोल घेऊ असं सांगितलं, दुसरीने ७५ वर्षं. एकाच पाण्यावरचा एकच पूल, आणि दोघांच्या हिशेबात पासष्ट वर्षांचा फरक! शेवटी दोन्ही नको म्हणायची वेळ आली. २०१२ च्या आसपास अंदाज ९,६३० कोटींचा होता, तेव्हाही खाजगी बोलीदार मिळाले नाहीत. मग जपानच्या कर्जावर एमएमआरडीए या मुंबई प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने काम घेतलं, डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं, आणि २१.८ किलोमीटरचा सेतू सुमारे १७,८४३ कोटींत उभा राहिला.

यावरून सगळे एकच धडा काढतात: उशीर महाग पडतो. पडतोच, त्यावर वाद नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जो पूल मागितला होता आणि जो मिळाला, ते दोन वेगळे पूल आहेत. पहिला मागितला गेला तेव्हा पलीकडे शहरच नव्हतं. भातशेती होती, मिठागरं होती, कोळ्या-आगऱ्यांची गावं होती. मुंबईला पसरायला जागा हवी होती आणि पुलाने ती मिळणार होती. दुसरा मिळाला तेव्हा पलीकडे शहर होऊन त्याला पन्नास वर्षं उलटली होती. मिळालेल्या पुलावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही, आणि मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये पडतात. उरण-न्हाव्याकडच्या ज्या माणसाच्या नावाने हा पूल साठ वर्षं मागितला जात होता, त्याच्या घरी मोटरसायकल आहे. तो मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचा, तसाच आजही जातो, नाहीतर वाशीला वळसा घालतो. गाड्यांची संख्या अंदाजापेक्षा कमी भरली, याचं आश्चर्य कसलं?

म्हणजे प्रस्ताव जुना होतो तेव्हा फक्त त्याची किंमत बदलत नाही. त्याचा मालक बदलतो. नाव तेच राहतं म्हणून कोणी नव्याने विचारत नाही की बाबा, हा आता कोणासाठी.

नवी मुंबईचाच इतिहास यासाठी उपयोगी पडतो. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवायची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा भर पुलावर नव्हता, कामधंद्यावर होता. शासनाची कचेरीच पलीकडे न्या, म्हणजे माणसं आपोआप जातील आणि दक्षिण मुंबईवरचा भार उतरेल, असं ते म्हणत होते. १९७० मध्ये हे शहर उभारायला सिडको झाली. वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये आला. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही, उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उठले. सिडकोचं स्वतःचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतीत आहे. नव्या शहराचा पत्ता जुन्या शहरात. पूल आला आणि नोकऱ्या आल्या नाहीत, म्हणून वाशीची पहिली पिढी रोज सकाळी पुलावरून मुंबईला आणि संध्याकाळी परत अशीच जगली. त्या पुलाच्या तुळयांतल्या केबल काही वर्षांतच गंजायला लागल्या, त्याची डागडुजी आणि वजनावरचे निर्बंध यांतच बराच काळ गेला, आणि १९९७ मध्ये दुसरा पूल करावा लागला. आता तिसराही झाला.

पुढे गंमत अशी झाली की नोकऱ्या आल्या. नियोजनाने नाही, उशिरा आणि भलत्याच जागी आल्या. दिघा, ऐरोली, रबाळे, महापे इथले जुने रासायनिक कारखाने बंद पडत गेले आणि त्या जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता सकाळी आठ वाजता ठाणे स्टेशनच्या नऊ आणि दहा नंबरच्या फलाटावर उभं राहून बघा, गर्दी कुठून कुठे चालली आहे ते. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा इथून आलेला लोंढा जिने चढतो, पूल ओलांडतो, आणि पनवेल-वाशीच्या गाडीत घुसतो. हा माणूस मुंबईला जातच नाही. त्याला खाडीच्या पूर्वेकडूनच पूर्वेकडे जायचं आहे.

आणि इथे मला नकाशा काढून दाखवावासा वाटतो. कळवा खाडीच्या पूर्वेला आहे. ऐरोलीही पूर्वेलाच. ठाणं पश्चिमेला. कल्याणहून निघालेला माणूस कळव्यानंतर खाडी ओलांडून ठाण्याला येतो, गाडी बदलतो, आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीने पुन्हा तीच खाडी ओलांडून दिघ्याला पोचतो. एकदाही ओलांडायची गरज नसताना तो रोज दोनदा ओलांडतो, संध्याकाळी परत दोनदा. २००४ मध्ये ही मार्गिका सुरू झाली तेव्हापासून हे चालू आहे. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग झाला, तर कल्याणची गाडी ठाण्याला न येता सरळ नवी मुंबईकडे वळेल, आणि ठाणे स्टेशनावरचा तो लोंढाच्या लोंढा निघून जाईल.

हा मार्ग मुंबईच्या लोकल रेल्वेसाठीच्या एमयूटीपी-३ या योजनेत २०१६ साली मंजूर झाला. खर्च ४७६ कोटी. अटल सेतूचा आकडा वर दिला आहे, वाचकाने स्वतः भागाकार करावा. त्यातला पहिला टप्पा म्हणजे दिघा गाव स्टेशन. ते बांधून तयार होऊन महिनोन्महिने कुलपात पडलं होतं आणि शेवटी १२ जानेवारी २०२४ ला उघडलं. तारीख ओळखीची वाटली असेल. अटल सेतूच्याच दिवशी. टीव्हीवर दिवसभर सेतू दिसत होता. दुसरा टप्पा, म्हणजे खरा मार्ग, वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी येऊन अडला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलला लटकलेली माणसं खाली पडून मेली, तेव्हा चार दिवस या मार्गाची आठवण निघाली होती. पुनर्वसन अवघड आहे हे मान्य. पण ते तर १७,८४३ कोटी उभे करण्याइतकं अवघड नसावं.

मला विचाराल तर या पट्ट्यातला सगळ्यात गरजेचा पूल तोच, आणि तो खाडीवर नाहीच. खाडी ओलांडण्यापासून माणसाला वाचवणारा पूल कोणाच्या जाहिरातीत येत नाही.

पुलापेक्षा बोगदा बरा, असं आता पुष्कळ जण म्हणायला लागले आहेत. त्याला कारण आहे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून जातो, त्यातला सुमारे ७ किलोमीटर भाग खाडीखाली. शिळफाटा ते घणसोली हा ५ किलोमीटरचा तुकडा २०२५ च्या सप्टेंबरात आरपार झाला. उरलेला यंत्राने खणायचा आहे. खाली जायचं कारणही उघड आहे. वरती फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १,६९० हेक्टरचं, आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं. मग लोक विचारतात, आगगाडीला खालून नेता, तर कोपरखैरणे-विक्रोळीच्या रस्त्याला का नाही?

प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर विक्रोळीच्या मोटारवाल्याला आवडेल, घणसोलीच्या नाक्यावरच्या माणसाला नाही. आगगाडीचा बोगदा आणि मोटारीचा बोगदा यांत फार फरक. विजेवरची गाडी धूर सोडत नाही. हजारो इंजिनांचा धूर बाहेर काढायला पंखे लागतात, आग लागली तर माणसं बाहेर काढायला आडवे मार्ग लागतात, खाडीच्या मऊ गाळाखालच्या खडकात उतरून पुन्हा वर यायला दोन्ही बाजूंना लांबलचक उतार लागतो. आणि एवढं करून तिथून जाणार कोण? गिरगाव-मलबार हिलखालचे किनारी रस्त्याचे जोडबोगदे 'मावळा' नावाच्या यंत्राने खणले, दोन किलोमीटरचेच आहेत, आणि तिथेही दुचाकीला मज्जाव आहे. यंत्राला मावळा म्हणायचं आणि बोगद्यात मावळ्याची मोटरसायकल येऊ द्यायची नाही! खाडीखालचा रस्ता झाला तर त्याचे नियमही असेच असतील, याविषयी मला शंका नाही. बस तेवढी जाईल, जर कोणी ती सोडली तर.

होडीचं काय, असाही प्रश्न येतो, आणि मी स्वतः बरीच वर्षं होडीचा समर्थक होतो. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण ओहोटीच्या वेळी कोपरीच्या मीठबंदरावर जाऊन उभं राहिलं की उत्साह ओसरतो. पाणी मध्यभागी एका ओहळापुरतं उरतं, बाकी सगळा काळा चिखल आणि त्यात निवटे उड्या मारताना दिसतात. बेलापूर-नेरुळच्या दक्षिणेला लाँच चालेल. वाशीच्या उत्तरेला भरतीचं वेळापत्रक बघून ऑफिसला जावं लागेल.

चिखल असा वर येतोय त्याला पूलही कारण आहेत, एकटे नाहीत, पण आहेत. प्रत्येक पुलाचे खांब, खांब उभे करताना टाकलेले भराव, त्यांनी मंदावलेली भरती, वरून शहरांनी सोडलेला मैला आणि गाळ. खाजणात वाढलेल्या मैल्यावर शेवाळ पोसलं, शेवाळावर फ्लेमिंगो आले. त्यांचे फोटो काढायला आपण दुर्बिणी घेऊन जातो. ज्या कोळ्याची होडी त्याच गाळात रुतते, त्याचा फोटो कोणी काढत नाही. वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी मच्छीमारांची सहकारी संस्था उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांचा भरपाईचा हक्क मानला आणि शासनाला धोरण आखायला सांगितलं. पहिला पूल झाल्यावर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

पर्यावरणवाल्यांमुळे पूल अडतात, ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. २०१८ च्या निकालानंतर कांदळवनाला धक्का लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, पन्नास मीटरचा पट्टा सोडावा लागतो, हे खरं. पण अटल सेतू साठ वर्षं कांदळवनाने अडवला नव्हता. पैसे, निविदा आणि कोणी बांधायचा यावरची भांडणं यांनी अडवला होता. ऐरोली-कळवा झोपड्यांपाशी अडलाय. बहुतेक प्रस्ताव न्यायालयाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. दारापर्यंत जाणारा प्रस्ताव निदान जिवंत तरी असतो.

मुदतीची कल्पना मी कुठून तरी उसनी आणलेली नाही, ती आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. विकास आराखड्यात तुमच्या जमिनीवर शाळेचं किंवा बागेचं आरक्षण पडलं आणि दहा वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर तुम्ही नोटीस देऊ शकता. नोटिशीनंतरच्या ठरलेल्या मुदतीतही काही झालं नाही, तर आरक्षण गळून पडतं. कायदा म्हणतो की एका माणसाची एक गुंठा जमीनदेखील सरकारने नुसती नाव टाकून अडवून ठेवू नये. मग लाखो माणसांचा रोजचा प्रवास नाव टाकून अडवून ठेवला, तर त्याला दहा वर्षांची अट का नको?

पूल जाहीर करताना तो कोणासाठी आहे हे लिहावं. किती माणसं ओलांडतील. वाहनं नाही, माणसं. त्यातली बसने किती, दुचाकीने किती, पायी किती. दहा वर्षांत कामाचा आदेश निघाला नाही तर प्रस्ताव गळला, आणि का गळला त्याचं एक पान तरी छापलं जावं. पुन्हा हवा असेल तर पुन्हा मोजणी, पुन्हा सुनावणी, नवं नाव. आणि गळलेल्या पुलाची निळी रेघ विक्रीच्या नकाशात दिसली, तर ती खोटी जाहिरात धरावी.

माझा एक इंजिनिअर मित्र, ज्याचं सगळं आयुष्य पुलांवर गेलं, तो यावर चिडतो. त्याचं म्हणणं, तुझा नियम असता तर अटल सेतू पाच वेळा मेला असता. मी म्हणतो, मरू द्यायचा. पाच वेळा नव्याने विचारावं लागलं असतं की हा कोणासाठी, आणि पाचातल्या एखाद्या वेळी कोणीतरी म्हणालं असतं की दुचाकीला एक पट्टा ठेवा, किंवा बाजूने रेल्वे न्या. तो म्हणतो, दूरचं बघणाऱ्यांना तू दहा वर्षांच्या चौकटीत कोंबतोस. दहा वर्षांत निवडणुकाच तीन होतात. हा मुद्दा मला अडचणीचा वाटतो, कारण तो खरा आहे. मुदत जवळ आली की घाईघाईने नारळ फोडायचा, चार खांब उभे करायचे आणि काम सुरू असं दाखवायचं, हे आपल्याकडे होणारच. अर्धवट खांब कागदापेक्षा वाईट. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आदेश निघाला म्हणजे पैसेही बाजूला काढलेले असले पाहिजेत, एवढं म्हणता येईल.

त्याचा दुसरा आक्षेप असा, की प्रस्ताव रद्द केला तर दोन्ही टोकांच्या जागेवर अतिक्रमण होईल आणि पुढे पूल करायचा म्हटला तरी जमणार नाही. नवी मुंबईत किनाऱ्याची बरीच जमीन सिडकोकडे किंवा वनखात्याकडे आहे. तिथे अतिक्रमण थांबवायला पुलाचं नाव लागत असेल, तर मग आपला प्रश्न पुलाचा नाहीच.

त्याला मी ठाण्याचा जुना दाखला देतो. आगगाडी ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ ला, आणि खाडी ओलांडून कल्याणला पोचली मे १८५४ मध्ये. तेव्हा भरपाई, सुनावणी, कांदळवन असले शब्द नव्हते, परक्या राजाचं काम होतं, म्हणून ते वेगाचं उदाहरण म्हणून मी देत नाही. देतो ते यासाठी की त्या पुलाला प्रस्तावित म्हणून जगायला वेळच मिळाला नाही. कळव्याचा दगडी पूल १८६३ चा. तो २०१० मध्ये वाहनांना बंद झाला. त्याच्या जोडीचा तिसरा पूल २०२२ च्या अखेरीला उघडला, तोवर कळवा नाक्यावर आमचे केस पांढरे झाले.

हा नियम लागू झाला, तर पहिला बळी माझ्याच आवडत्या पुलाचा जाईल, याची मला कल्पना आहे. मी कोपरीत राहतो. ओहोटीला मीठबंदरावरून समोरच्या इमारती स्पष्ट दिसतात, आणि तिथे जायला मला एकतर कळवा-विटावा करून यावं लागतं किंवा मुलुंडला जाऊन ऐरोलीच्या पुलावरून. छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला तेव्हापासून तिकडेही रांग आहे. कोपरी-पटणी पूल झाला, तर माझी पाऊण तासाची फेरी दहा मिनिटांची होईल. हा लेख लिहिताना मला मोह झाला होता की एवढा एक तरी अपवाद ठेवावा.

पण पटणी म्हणजे काय, हे नव्या पोरांना विचारून बघा. ऐरोलीच्या अलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर पटणी नावाच्या कंपनीचं मोठं संकुल होतं, म्हणून त्या थांब्याला पटणी म्हणायला लागले. कंपनी २०११ मध्ये आयगेटने घेतली, आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने. पुलाच्या नावात मात्र ती अजून आहे. तेव्हा त्याचीही पुन्हा मोजणी व्हावी. आमच्या इमारतीतली निम्मी मुलं आता तिकडे कामाला जातच नाहीत, काही घरून काम करतात, काही पुण्याला गेली. उलट दिघ्याहून कोपरीच्या बाजारात भाजी विकायला येणाऱ्या बायका वाढल्या आहेत. त्या टोपल्या घेऊन दिघा गाव स्टेशनावरून एका गाडीत ठाण्याला येतात, आणि त्यांना पुलाबद्दल कोणी कधी विचारलेलं नाही. परवा त्यांच्यातल्या एका मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पूल राहू द्या, भाऊ. दुपारी एकची गाडी बंद केलीय, तेवढी सांगा कोणाला तरी."